माळावरचा बांध

मोडनिंब
२१ जुलै २०२४

अभिमन्यू भावजी,

फोन तुम्ही उचलत नाही, आणि तुमच्या दादांच्या नंबरवरून तर तिकडं रिंगच जात नाही. कागद मात्र पोस्टमन दारात टाकूनच जातो, तो काही कुणाला विचारत नाही. म्हणून लिहायला बसले. अंगणवाडीचे अहवाल लिहून लिहून अक्षर वळणदार राहिलंय, वाचायला त्रास पडणार नाही.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही तिसरीत होता. नाकाला शेंबूड आणि खिशात गोट्या. तेव्हापासून भावजी म्हणतेय आणि अहो-जाहो करतेय. चार वर्षं झाली तुम्ही या घराचा उंबरा ओलांडला नाही, म्हणून माझं तोंड काही बदलायचं नाही. वाटणी तुम्हा भावाभावांची झाली. तुमच्यात आणि माझ्यात काही वाटणी झालेली नाही.

तर इकडची हकीकत अशी. वस्तीवरच्या शाळेत जूनपासून एक नव्या बाई आल्यात. चेतना नाव. सोलापूरच्या, भवानी पेठेतल्या. वडील पॉवरलूमवर टॉवेल विणतात, घरात तेलुगू बोलतात. पोरगी पंचविशीची, केस मानेपर्यंत कापलेले, खांद्याला ही लांबडी पिशवी. मला वाटलं तंबोरा आणलाय. पिशवीतून निघालं धनुष्य! कॉलेजात असताना ती विद्यापीठाकडून खेळलीय म्हणे.

तिच्या मनात आलं की आपल्या पोरांना धनुष्यबाण शिकवावा. हेडमास्तर म्हणाले, शाळेचं ग्राउंड एवढंसं, चेंडू टोलवला तरी हायवेवर ट्रकखाली जातो, तिथं बाण कुठं सोडता? मोकळी जागा बघा. जागा सापडली तर आईबाप तयार होईनात. पोरींना रानात कशाला, म्हणाले. मग ती अंगणवाडीत माझ्याकडं आली.

"बाई, तुम्ही बरोबर असाल तर पाठवू म्हणतात."

म्हणणारच. त्यातल्या एकेकाची चड्डी मी बदललीय. म्हणून आता दर रविवारी सकाळी मी राखणदार. हातात काठी, गळ्यात शिट्टी. दोन शिट्ट्या झाल्या की पोरं रेघेवर यायची, एक झाली की बाण सोडायचे, आणि तीन झाल्या की सगळ्यांनी मिळून बाण गोळा करायला जायचं. मधे कुणी पाऊल पुढं टाकलं तर काठी. ही व्यवस्था मला लई आवडली. अंगणवाडीत एवढं कुणी ऐकत नाही.

भावजी, आपली पोरं खेड्यातली म्हणायची फक्त. घर, ऊस, डांबरी आणि मोबाईल, यापलीकडं त्यांनी काही बघितलेलंच नाही. पहिल्या दिवशी अनीश नावाचा तिसरीतला पोरगा मोज्यात कुसळं घुसली म्हणून भोकाड पसरून बसला. टिटवी ओरडली तर दोघी पोरी मला चिकटल्या. चेतनाबाई तर शहरातली, तिला तरवड आणि बाभूळ यातला फरक ठाऊक नाही. मग आम्ही काम वाटून घेतलं. धनुष्य तिनं शिकवायचं, रान मी. टिटवीची अंडी उघड्या गोट्यांत कशी गोट्यांसारखी दिसतात ते मी दाखवलं, तर पोरं श्वास रोखून बसली. खोकडाचं बीळ दाखवलं. आता येताना पोरं आपोआप बाजूनं वळसा घालतात, त्याची झोप मोडू नये म्हणून.

शाळेमागच्या मोकळ्या जागेत चालतं हे सगळं.

इकडं आम्ही मजेत. दुर्गाला माझा आशीर्वाद सांगा. तुमची संस्कृती आता आईच्या खांद्याला लागली असेल ना?

तुमची वहिनी
मथुरा


८ सप्टेंबर २०२४

अभिमन्यू भावजी,

काल गणपती बसले. आरतीला घरात आम्ही दोघंच. टाळ दादांनी वाजवला आणि आरती मी म्हटली.

मागच्या कागदात मी "शाळेमागची मोकळी जागा" असं लिहिलं. शाळेमागं मोकळी जागा एकच आहे, हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही तेव्हाच ओळखलं असेल. तुमचाच माळ.

वाटणीत विहिरीकडचं रान दादांकडं आलं आणि माळ तुमच्याकडं. तुम्ही म्हणालात, "मला दगड दिले." दादा म्हणाले, "तुझ्या दगडांना पाय लावणार न्हाय." दोघांनीही शब्द पाळला. तुम्ही आला नाही आणि ते दोन्ही रानांच्या हद्दीवरच्या मेरेच्या अलीकडंच थांबतात. गुरं तिकडं गेली तर मला पाठवतात.

तर मी न विचारता पोरं तिथं नेली. विचारायला गेले असते तर फोन लागला नसता, आणि तोवर पावसाळा संपला असता. आम्ही तिथं खड्डा केलेला नाही, भिंत नाही, झाड तोडलेलं नाही. फक्कीची एक पांढरी रेघ आहे, तीही पावसानं धुऊन जाते. समोर पोती ठेवतो. चेतनाबाईंचे वडील लूमवरच्या चिंध्या देतात, त्या गच्च दाबून पोत्यांत भरल्यात. जाताना पोती शाळेत परत. तुम्हाला नको असेल तर दोन ओळी टाका, त्याच दिवशी बंद करते.

पण त्याआधी पायलचं सांगते. ज्ञानबाची नात ती. तोच ज्ञानबा, तुमच्या माळाला लागून ज्याचं शेत आहे. सहावीतली पोरगी, डावखुरी. घरात जेवताना ज्ञानबा तिच्या डाव्या हातावर चापट मारतो, "देवानं उजवा कशाला दिलाय?" म्हणतो. शाळेतही कुणी तरी तेच केलेलं. त्यामुळं पोरगी काही करायच्या आधी दोन्ही हातांकडं बघते, कुठला पुढं करू म्हणून. चेतनाबाईंनी तिच्या हातात धनुष्य दिलं तेव्हाही ती तशीच थबकली. बाईंनी विचारलं, "तुला कुठल्या हातानं ओढावंसं वाटतं?"

पायलनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "हितं तुझा आज्जा न्हाय. बोल की."

तिनं डावा हात दाखवला. बाईंनी धनुष्य दुसऱ्या बाजूनं धरायला दिलं, एवढंच. त्या पोरीनं दोरी हनुवटीपर्यंत आणली आणि सोडली, आणि बाण पोत्यात असा बसला की बाहेर काढायला बाईंना पाय लावून ओढावा लागला. पोरगी हसली नाही की ओरडली नाही. फक्त आपल्या डाव्या हाताकडं बघत राहिली. भावजी, मला तेव्हा जे वाटलं ते लिहिता येत नाही. तुम्हाला नोकरी लागल्याचा फोन आला होता ना, तेव्हा वाटलं होतं तसं काहीतरी.

मथुरा


३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

भावजी,

आज कुणी ओवाळून घ्यायला आलं नाही. माझा भाऊ पंढरपूरला आजारी आहे. तुम्हाला दरवर्षी ओवाळायचे, म्हणून ताट लावलं आणि देवापुढं ठेवलं. असो.

तुम्ही नको म्हणाला नाही, त्यामुळं मी हो धरून चालले आहे.

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही, तुम्हाला सांगते. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या रविवारी पोरं घरी गेली आणि चेतनाबाई म्हणाली, "बाई, तुम्ही एकदा ओढून बघा ना." मी म्हटलं, बावन्न वर्षांची बाई, लोक काय म्हणतील? ती म्हणाली, "लोक आहेत कुठं? नुसत्या टिटव्या." पदर खोचला आणि धरलं. दोरी सोडली ती सपकन डाव्या हातावर बसली आणि तीन बांगड्या वाढल्या. दादांना सांगितलं, म्हशीनं हिसडा दिला.

दुसरा बाण पोत्यात गेला. कडेला, पण पोत्यात. घरी येईपर्यंत माझी मान ताठ होती. रस्त्यात हेडमास्तर भेटले तर म्हणाले, "बाई, आज काय विशेष?" मी म्हटलं, "काही नाही, दिवाळी."

दादा संध्याकाळी म्हणाले, "म्हशीनं हिसडा दिला तर वळ आतल्या बाजूनं कसा?" मी भांडी घासायला निघून गेले. त्यांनी दुसऱ्या दिवशी मोडनिंबच्या बाजारातून हिरव्या बांगड्या आणल्या आणि त्याबरोबर चामड्याचा जुना पट्टा कापून हाताला बांधायला दिला.

मथुरा


१५ डिसेंबर २०२४

अभिमन्यू भावजी,

हा कागद नीट, शेवटपर्यंत वाचा. दुसऱ्या कुणाकडून उलटसुलट कानावर यायच्या आधी मला सांगायचं आहे.

गेल्या रविवारी वारा सुटला होता. पायलचा एक बाण पोत्यावरून मागं गेला. मागच्या तरवडात ज्ञानबाची शेळी चरत होती, ती मला दिसली नव्हती. बाण तिच्या कानातून आरपार. शिट्टी माझी, बघायचं काम माझं. चूक माझीच.

ज्ञानबा एका हातात शेळीचा कासरा आणि दुसऱ्या हातात बाण घेऊन शाळेच्या दारात आला. मागं निम्मी वस्ती.

"आज शेळीचा कान गेला. उद्या पोराचा डोळा गेला तर? आन् बाण कुणी मारला? माझ्याच नातीनं! माझ्याच शेळीला!"

लोक हसले, पण त्याचं खरं होतं. चेतनाबाई रडायलाच लागली, उद्यापासून बंद करते म्हणाली. सभा बसली. त्यात कुणीतरी मागून म्हणालं, "अंगणवाडीच्या बाईनं खिचडी वाटायची सोडून पोरांच्या हातात हत्यारं दिली."

तुमचे दादा दाराशी बसले होते. ते सभेत कधी बोलत नाहीत, तुम्हाला ठाऊक आहे. उठून उभे राहिले आणि चेतनाबाईला म्हणाले, "रडू नगं. बाण फुडं जाऊ नये म्हून काय लागतंय ते सांग."

"मागं मातीचा उंच बांध लागतो, सर. आठ-दहा फूट."

दादांना जन्मात कुणी सर म्हटलं नव्हतं. "हुईल," म्हणाले आणि निघाले.

सकाळी बघते तर विहिरीकडच्या रानात गडी ट्रॉली भरतायत. आपली काळी माती, जिच्यात ज्वारी पुरुषभर वाढते ती. ट्रॅक्टर घेऊन दादा तुमच्या मेरेपाशी आले आणि थांबले. मी मागं चालत होते.

"अभीला इचारलंस का?"

"तीन कागद टाकल्यात."

"मग?"

"उत्तर न्हाय."

त्यांनी सीटवरून वाकून पुढचं टायर बघितलं. मग म्हणाले, "मी पाय लावनार न्हाय म्हनलो हुतो. टायरचं काय बोललो नव्हतो." आणि घातला आत.

भावजी, दोन दिवस तो माणूस ट्रॅक्टरवरून खाली उतरला नाही. ट्रॉली मागं उलटवायची, मेरेपलीकडं जायचं, भरून आणायची. भाकरी सीटवर बसून खाल्ली, तांब्या मी वर दिला. अनीश म्हणाला, "आजोबा, खाली या की जेवायला." तर म्हणाले, "टायर हायेत की खाली माझ्या वाटचे." दुसऱ्या दिवशी पोरांचे आईबाप फावडी घेऊन आले. खिचडीचं बोलणारा होता ना, तोही आला. बांध चोपून चोपून उभा केला.

मी ज्ञानबाच्या घरी जाऊन बसले, शेळीच्या कानाला हळद लावली, माफी मागितली. तो म्हणाला, बांध झाला तर पायलला पाठवतो. माणूस वाईट नाही. पण कुणाच्या रानात बांध दिसला की त्याची जीभ वळवळते. तो तुम्हाला फोन करणार, म्हणून आधी मी लिहितेय. हा मेरेचा बांध नाही. माळाच्या मधोमध आहे, तुमची एक वीतही इकडची तिकडं झालेली नाही.

मथुरा


१२ जानेवारी २०२५

अभिमन्यू भावजी,

माझ्या चार कागदांना एकच उत्तर आलं, आणि तेही वकिलाच्या सहीचं.

पोस्टमन दुपारी आला. दादांनी सही करून घेतलं, चष्मा लावून दोनदा वाचलं. विनापरवाना प्रवेश, बांध घालून अतिक्रमण, पंधरा दिवसांत काढून टाकावा. वाचून झाल्यावर मला विचारलं, "अतिक्रमन करनारा म्हंजी मीच का?"

मी तो कागद त्यांच्या हातातून काढून घेतला.

"त्याची जागा हाय. त्यो म्हनंल तसं. उद्या ट्रॅक्टर नेतो आन् माती उचलतो."

मी त्यांना थांबवलंय. रागावून लिहितेय हे खरं आहे, भावजी. चार महिने तुम्ही पोरांना होही म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही, आणि ज्ञानबाच्या एका फोनवर कोर्टाचा कागद! मेरेवर बांध घातला तर माणूस कोर्टात जातो. रानाच्या मधोमध बांध कुणी अतिक्रमण करायला घालतं का?

मोजणीवाला आणा, वकील आणा, काय आणायचं ते आणा. पण स्वतः या. रविवारी सकाळी सात वाजता पोरं माळावर असतात. त्यांना यातलं काही ठाऊक नाही, मी सांगणारही नाही. अर्धा तास बघा. त्यानंतरही "काढा" म्हणालात तर पहिलं घमेलं मी डोक्यावर घेईन.

मथुरा


१६ फेब्रुवारी २०२५

अभिमन्यू भावजी,

आलात. पाणी न पिता गेलात, त्याचं मी मनावर घेत नाही. आलात हेच.

तुम्ही आज जे बघितलं त्यातलं निम्मंच तुम्हाला दिसलं. उरलेलं मी सांगते.

तुम्ही गाडीतून उतरलात, मोजणीवाल्याला घेऊन तरातरा बांधाकडं निघालात. रेघेवर सहा पोरं दोऱ्या ओढून उभी होती. मी शिट्टी फुंकून फुंकून ओरडले, "कुणी सोडायचा नाही! भावजी, मागं!" सगळी धनुष्यं खाली आली. तेव्हा तो बुटका अनीश तुम्हाला म्हणाला, "काका, फक्कीच्या रेघेच्या मागं थांबायचं असतं."

"ही जागा माझी आहे," तुम्ही म्हणालात.

"हो. पण रेघेच्या मागं."

आणि तुम्ही मागं आलात! खरं सांगते, मला वाटलं होतं तुम्ही त्याच्यावर ओरडाल. गेल्या जूनमध्ये हाच पोरगा कुसळं टोचली म्हणून रडत होता. आज नियमासाठी जागेच्या मालकाला मागं घेतलं त्यानं. माझी छाती फुगली होती, ती तुम्हाला दिसली असेल तर असू दे.

गाडीत बसलेली संस्कृती हसत खाली उतरली ती तुम्हाला कुणीतरी दटावलं म्हणून. किती उंच झालीय! पायलनं तिला थेट विचारलं, "डावरी का उजवी?" ती म्हणाली, "उजवी." पायल म्हणाली, "बिचारी," आणि आपलं धनुष्य तिच्या हातात दिलं. कसं उभं राहायचं, कोपर कुठं ठेवायचं, सगळं सांगितलं. जी पोरगी सहा महिन्यांपूर्वी आपला हात पुढं करायला भीत होती, तिनं पुण्याच्या पोरीला शिकवलं. तुमच्या लेकीचा पहिला बाण पायापाशी पडला. दुसरा कुठं गेला ते कुणालाच कळलं नाही.

मग मी तीन शिट्ट्या दिल्या आणि तुम्ही मोजणीवाल्याबरोबर बांधाकडं गेलात. फीत धरायच्या आधी तुम्ही बांधातली माती मुठीत घेतली, चोळली आणि तसेच उभे राहिलात. माळावर काळी माती नसते. ती कुठून आली हे तुम्हाला सांगायला कुणी लागलं नाही.

पण तुमची पाठ होती तेव्हा इकडं काय झालं ते ऐका. संस्कृतीचा बाण गवतात हरवला होता. सगळी पोरं शोधत होती. पोरगी रडवेली झाली. दादा मेरेपाशी हिवराच्या झाडाखाली उभे होते, तुमच्या येण्यापासून तिथंच. मी बघितलं तर ते माळात शिरलेले. वाकून, दोन्ही हातांनी गवत बाजूला करत. म्हातारं माणूस शेळी हरवल्यासारखं शोधत होतं. शेवटी त्यांनाच सापडला. सदऱ्याला पुसला आणि तिच्या हातात दिला.

"तू संस्कृती का?"

"हो. आणि तुम्ही मोठे बाबा."

"कसं वळखलंस?"

"तुम्ही माझ्या बाबांसारखंच चालता."

तेव्हा त्यांचं लक्ष स्वतःच्या पायांकडं गेलं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पोत्यातले बाण मोजायला लागले.

गाडीत बसताना तुम्ही मला म्हणालात, "बांध राहू दे, वैनी." दादांना मी हे संध्याकाळी सांगितलं.

"म्हनला?"

"व्हय."

"आजून काय म्हनला?"

"आजून काय न्हाय."

"बरं," म्हणाले, आणि एक भाकरी जास्त मागून घेतली.

मथुरा


१३ एप्रिल २०२५

अभिमन्यू भावजी,

वकिलांनी नोटीस मागं घेतल्याचा कागद आला. संस्कृतीनं चेतनाबाईंच्या फोनवर पायलला कळवलंय की तुम्ही तिला मे महिन्यात सुट्टीला पाठवताय, मोडनिंबच्या स्टँडवर आणून सोडणार आणि तिथूनच परत फिरणार. पोरगी येतेय, लई आनंद झाला. तिच्यासाठी धनुष्य राखून ठेवलंय.

आता कालचं सांगते. सोलापुरात लहान मुलांची स्पर्धा होती. चेतनाबाईंनी आपली सहा पोरं नेली. दादा म्हणाले, "जीपमधी एक जागा रिकामी हाय तर मीबी येतो." जीपमध्ये जागा नव्हती. अनीशला मांडीवर घेऊन बसले. टोपी मात्र इस्त्रीची.

आदल्या दिवशी भवानी पेठेत चेतनाबाईंच्या घरी उतरलो. तिच्या आई गंगम्मा. मराठी जेमतेम, पण पोरांच्या ताटात भात वाढताना "तिनु, तिनु", म्हणजे खा, खा, म्हणत राहिल्या. आपली पोरं आता सकाळपासून एकमेकांना तेच म्हणतायत. खाली लूमची खटखट, आणि पोरं त्या आवाजात मेल्यासारखी झोपली. चेतनाबाईंचे वडील मला म्हणाले, "आमच्या पोरीला तुमच्या गावानं बाई केलं." मी म्हटलं, "तुमच्या पोरीनं मला पोर केलं." सगळे हसले, पण मी खरंच बोलत होते.

मैदानावर इतर पोरांची धनुष्यं बघून आपली पोरं गप्प झाली. चकाकणारी, चाकं लावलेली, दुर्बिणी लावलेली. आपली बांबूची. पायल म्हणाली, "बाई, यांच्यातनं बाण आपोआप जातो का?" चेतनाबाई म्हणाल्या, "नाही. ओढावंच लागतं." "मग ठीक हाय," म्हणाली.

बांबूच्या धनुष्यांचा गट वेगळा होता, त्यात माढ्याची, बार्शीची, शहरातली मिळून बरीच पोरं होती. अनीशचे बाण खाली पडले. तरी त्यानं रेघेवर उभं राहून पंचांना वाकून नमस्कार केला, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. वारा सुटला तशी बाकीची पोरं घाईनं सोडायला लागली. पायल वारा पडेपर्यंत हात खाली घेऊन थांबली. माळावर वारा रोजचाच, तिला त्याची काय घाई? मुलींमध्ये दुसरी आली, भावजी! जिल्ह्यात दुसरी. डाव्या हातानं.

तिचा आज्जाही आला होता, एसटीनं, मागून. पदक तिच्या गळ्यात पडलं तेव्हा ज्ञानबा मला म्हणाला, "बाई, जेवताना आता मी काय बोलायचं ते सांगा." मी म्हटलं, "तिनु म्हणा."

बक्षिसाच्या वेळी माईकवाल्यानं प्रत्येकाला अकॅडमीचं नाव विचारलं. कुणी काय, कुणी काय मोठमोठी नावं सांगितली. पायलला अकॅडमी म्हणजे काय तेच उमगेना. त्यानं समजावून विचारलं, "म्हणजे बाळा, सराव कुठं करतेस?"

ती म्हणाली, "अभिमन्यू काकांच्या माळावर."

त्याला मोठी मौज वाटली. त्यानं साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हटलं, "द्वितीय क्रमांक, अभिमन्यू काकांच्या माळावरची पायल!" टाळ्यांचा कडकडाट झाला. चेतनाबाई, आपली पोरं, गंगम्मा, सगळी उभी राहिली.

तुमचे दादाही उठले. शेजारी एक अनोळखी गृहस्थ बसले होते, कुठल्यातरी पोराचे वडील असतील. दादांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ऐकलं का? माझा धाकटा भाऊ हाय त्यो."

ते म्हणाले, "अरे वा! असतात कुठं?"

"पुण्याला. मोठ्या कंपनीत. पर मे महिन्यात येतोय की, घरी, चार दिस ऱ्हायाला."

तुम्ही असं कुणालाच म्हणाला नव्हता. स्टँडवरून परत फिरणार होता, हे दादांनाही मी सांगितलेलं आहे. पण त्यांनी त्या परक्या माणसाला सांगून टाकलंय, आणि तो "छान, छान" म्हणालाय. आता त्यांना खोटं पाडू नका.

तुमची वहिनी
मथुरा